एमडीनंतर पुढे काय: मेडिकल कॉलेजातली शिकवण्याची नोकरी की सिव्हिलची? (ठाणे–नवी मुंबई)

तलावपाळी

एमडी बालरोग, शासकीय कॉलेज, शेवटचं वर्ष. बाँड (शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा) अजून करायचा आहे. घर ठाण्यात, आणि पुढची निदान दहा वर्षं ठाणे–नवी मुंबईच्या पट्ट्यात राहायचं आहे. दोन वाटा दिसतात. एक, कुठल्या तरी कॉलेजात एसआरशिप (वरिष्ठ निवासी डॉक्टर म्हणून काम) करून सहायक प्राध्यापक व्हायचं. दुसरी, सार्वजनिक आरोग्य विभागात किंवा महापालिकेत डॉक्टर म्हणून रुजू व्हायचं. सीनियर मंडळी 'जिथे आधी ऑर्डर येईल तिथे जा' म्हणतात. मला पगार, कामाचं स्वरूप, बदल्या आणि पुढे वाट बदलता येते का, हे नेमकं हवं आहे. जाणकारांनी लिहावं.

घोडबंदरकर

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. 'सरकारी नोकरी' ही एक नोकरी नाही. आपल्या भागात खासगी धरून चार वेगवेगळे मालक आहेत आणि चौघांचे नियम वेगळे.

वैद्यकीय शिक्षण विभाग: शासकीय मेडिकल कॉलेजं. ठाणे जिल्ह्यात आता अंबरनाथचं नवं शासकीय कॉलेज आहे. कायम नेमणूक एमपीएससीकडून होते.

सार्वजनिक आरोग्य विभाग: ठाण्याचं सिव्हिल (जिल्हा रुग्णालय), उपजिल्हा रुग्णालयं, ग्रामीण रुग्णालयं. ठाणे, पालघर, रायगड हे जिल्हे मुंबई मंडळाच्या उपसंचालकांकडे येतात आणि ते कार्यालय ठाण्यातच आहे.

महापालिका: ठाण्याचं कळव्यातलं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि त्याला जोडलेलं राजीव गांधी मेडिकल कॉलेज. नवी मुंबईची वाशी, नेरूळ, ऐरोलीची रुग्णालयं.

चौथे म्हणजे खासगी आणि अभिमत कॉलेजं, नेरूळ आणि कामोठ्याच्या बाजूची.

'दहा वर्षं इथेच' ही अट पक्की असेल तर राज्य सरकारच्या दोन्ही खात्यांबद्दल सावध राहा. बदल्यांचा कायदा २००५ चा आहे. एका पदावर साधारण ३ वर्षं, बदल्या एप्रिल–मेमध्ये. गट-अ अधिकाऱ्याची बदली राज्यात कुठेही होऊ शकते. मेडिकल कॉलेजात गेलं म्हणजे बदली टळली, असंही नाही. नवीन कॉलेजाची तपासणी आली की शिक्षकांची संख्या भरायला इतर कॉलेजांतून माणसं पाठवली जातात. महापालिकेची नोकरी मात्र शहराबाहेर जात नाही. वाशीहून ऐरोलीला पाठवलं तर ट्रान्सहार्बर लोकलचं स्टेशन बदलेल, इतकंच.

कामोठे_सेक्टर

वरचं सगळं बरोबर, पण तलावपाळी यांनी जो चौथा मुद्दा विचारला आहे, वाट बदलता येते का, तोच खरा कळीचा आहे. तिथेच बहुतेक जण फसतात, म्हणून जरा सविस्तर.

सिव्हिलमध्ये जायला एमडी पुरतं. एसआर केली काय, नाही केली काय. म्हणजे कॉलेजातून सिव्हिलकडे यायचं दार कायम उघडं असतं. उलट्या दिशेचं दार तसं नाही. सहायक प्राध्यापक व्हायला एमडीनंतर मान्यताप्राप्त कॉलेजात १ वर्ष एसआरशिप लागते. सिव्हिलमध्ये ८ वर्षं राबलेला उत्तम डॉक्टर केवळ एसआर नाही म्हणून शिक्षकपदाला अपात्र ठरायचा.

जुलै २०२५ मध्ये एनएमसीचे (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे) अध्यापकांच्या पात्रतेचे नवे नियम आले आणि हे दार अर्धं उघडलं. २२० किंवा अधिक खाटांच्या सरकारी रुग्णालयात, आपल्या विषयात, पदव्युत्तर पदवीनंतर २ वर्षं काम केलं असेल तर एसआरशिपशिवाय सहायक प्राध्यापक होता येतं. संशोधनाचा मूलभूत कोर्स नेमणुकीनंतर २ वर्षांत पूर्ण करायचा. १० वर्षांचा अनुभव असेल तर थेट सहयोगी प्राध्यापकपदाची पात्रता मिळते.

यात तीन ठिकाणी पाय अडकतो.

पहिलं, खाटा. २२० हा आकडा हवेतून आलेला नाही. ५० एमबीबीएस जागांच्या कॉलेजाला किमान तेवढ्या खाटा लागतात (१०० जागांना ४२०). ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचं. उपजिल्हा ५०, १०० किंवा २०० चं. २०० खाटांच्या रुग्णालयात तुम्ही ५ वर्षं एसएनसीयू (आजारी नवजात बाळांचा विशेष कक्ष) सांभाळलात तरी वीस खाटांनी तो अनुभव या नियमात बसत नाही. मंजूर खाटा किती, हे रुजू होण्याआधी विचारा. कागदावरची मंजुरी बघा, वॉर्डात मोजलेल्या खाटा नव्हे.

दुसरं, 'आपल्या विषयात'. ऑर्डरवर नुसतं 'वैद्यकीय अधिकारी' असेल आणि ड्युटी रोस्टर दोन वर्षं अपघात विभागाचं असेल, तर बालरोगाचा अनुभव कशावरून दाखवणार? बालरोग विभागात काम करण्याचा कार्यालयीन आदेश जिल्हा शल्यचिकित्सकांच्या सहीने घ्या, जावक क्रमांकासह.

तिसरं सर्वांत महत्त्वाचं. एनएमसीची पात्रता आणि भरतीची पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एनएमसी 'चालेल' म्हणते, पण राज्याच्या सेवाप्रवेश नियमात आणि त्या जाहिरातीत एसआरशिप मागितली असेल तर जाहिरातच चालते.

त्यामुळे माझं मत साधं आहे. बाँडचं वर्ष एसआरशिपमध्येच घालवा.

तलावपाळी

फार उपयोगी, धन्यवाद. ठाणे सिव्हिल आणि वाशी या नियमात बसतात का? आणि बाँडची जागा आपण निवडू शकतो का?

कामोठे_सेक्टर

ठाणे सिव्हिलची जुनी क्षमता तीनशेच्या वर होती आणि नवी इमारत ९०० खाटांची. वाशीचं ३०० खाटांचं. नेरूळ आणि ऐरोली प्रत्येकी १००. वाशी महापालिकेचं असल्याने 'सरकारी रुग्णालय' या शब्दात ते धरलं जाईल का, हे ज्या कॉलेजात पुढे अर्ज करणार त्यांच्याकडून आधी लेखी घ्या.

बाँडच्या जागा समुपदेशनाने, मेरिटप्रमाणे मिळतात. पसंतीक्रमात कॉलेजातल्या वरिष्ठ निवासीच्या जागा वर टाका. ऑर्डर हातात आली की पदनाम वाचा. 'वरिष्ठ निवासी' लिहिलं असेल तर एका दगडात दोन पक्षी: बाँड फिटतो आणि एसआरशिप मोजली जाते. 'बंधपत्रित वैद्यकीय अधिकारी' लिहिलं असेल तर फक्त बाँड फिटतो. बाँड मोडायचा विचार कुणी डोक्यात घालत असेल तर पदव्युत्तरची रक्कम ५० लाख आहे, हेही लक्षात असू द्या.

ऐरोली_नाका

वरच्या मताशी पूर्ण सहमत नाही. सिव्हिलची कायम ऑर्डर समोर असेल आणि एसआरशिप कंत्राटी असेल, तर कायम नोकरी सोडून कंत्राटामागे धावू नये. सेवाज्येष्ठता रुजू झाल्या तारखेपासून लागते. एक वर्ष उशीर म्हणजे ३ टक्क्यांची एक वेतनवाढ आयुष्यभर मागे. शिवाय पुढची जाहिरात कधी निघेल ते कुणाच्या हातात नाही. २२० खाटांचा नियम आल्यावर तर ठाणे सिव्हिलसारख्या ठिकाणी थेट रुजू होणं आणखी शहाणपणाचं झालं आहे.

हिशोबनीस_कोपरी

पगारावर कुणीच बोललं नाही, म्हणून आकडेमोड देतो.

वैद्यकीय अधिकारी गट-अ, वेतनस्तर एस-२०: ५६,१००–१,७७,५००.
मूळ वेतन ५६,१००. व्यवसायरोध भत्ता (खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दलचा) ३५% म्हणजे १९,६३५. बेरीज ७५,७३५.
महागाई भत्ता या बेरजेवर मिळतो. सोयीसाठी ५०% धरला तर ३७,८६८.
घरभाडे भत्ता नुसत्या मूळ वेतनावर. ठाणे, नवी मुंबई मुंबईच्याच वर्गात मोडतात. ३०% दराने १६,८३०.
एकूण साधारण १,३०,४००. क्वार्टर घेतलं तर घरभाडे भत्ता जातो.

विशेषज्ञ संवर्ग, एस-२३: मूळ ६७,७००. व्यवसायरोध भत्त्यासह ९१,३९५. म्हणजे महागाई भत्ता लागण्याआधीच महिन्याला १५,६६० चा फरक. एमडी हातात असताना एस-२० च्या जागेवर बसून राहणारे खूप जण आहेत. विशेषज्ञांची जाहिरात वेगळी निघते, त्यावर लक्ष ठेवा.

कपात: १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना एनपीएस (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना). आपले १०%, सरकारचे १४%. पहिल्याच महिन्यात प्राण क्रमांकाचा (एनपीएस खात्याच्या क्रमांकाचा) अर्ज भरा. तो राहिला की कपात वेळेत खात्यात जात नाही आणि मधल्या महिन्यांचा परतावा हुकतो.

व्यवसायरोध भत्ता घेऊन संध्याकाळी घोडबंदर रोडवर दवाखाना चालवणं हा शिस्तभंग आहे. 'सगळे करतात' हे चौकशीत उत्तर नसतं.

खासगी कॉलेजचा पगार ठरवण्यावर असतो. तिथे विचारायचं ते असं: पूर्ण रक्कम बँकेत येते का, टीडीएस कापून फॉर्म १६ मिळतो का, पगार दर महिन्याला होतो की तीन महिन्यांनी. अध्यापक पडताळणीत फॉर्म १६ मागतात. तो नसेल तर तो काळ गेलाच.

शिशुविभाग

बालरोगाचंच विचारलंय म्हणून दोन्हीकडच्या रोजच्या कामाबद्दल.

सिव्हिलमध्ये बालरोगतज्ज्ञ म्हणजे फक्त ओपीडी आणि वॉर्ड नव्हे. एसएनसीयू तुमच्याकडे. कुपोषित मुलांचं पोषण पुनर्वसन केंद्र तुमच्याकडे, तिथे मूल साधारण १४ दिवस राहतं आणि आई मजुरी बुडते म्हणून आठव्या दिवशी घरी जायचं म्हणते, तिला थांबवायचं काम औषधापेक्षा अवघड. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात शाळा-अंगणवाडी तपासणीतून पाठवलेली मुलं: हृदयाला छिद्र, फाटका टाळू, बहिरेपण. त्यांना पुढे शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचवायचं. अपंगत्वाच्या दाखल्याच्या बोर्डाचा दिवस ठरलेला. प्रत्येक बालमृत्यूचं अन्वेषण. महात्मा फुले योजनेची पूर्वमान्यता. वर एमओची (वैद्यकीय अधिकाऱ्याची) सर्वसाधारण ड्युटी: एमएलसी (पोलिसांशी संबंधित वैद्यकीय प्रकरणं), काही ठिकाणी शवविच्छेदन, व्हीआयपी ताफ्यासोबतची रुग्णवाहिका, आषाढीच्या वारीची पथकं.

एमएलसीबद्दल नवख्यांना कुणी सांगत नाही: आज लिहिलेला कागद पाच वर्षांनी समन्स होऊन येतो, तेव्हा तुमची बदली भलतीकडे झालेली असते. म्हणून प्रत्येक एमएलसीची स्वतःची नोंदवही ठेवा: नोंदणी क्रमांक, तारीख, पोलीस ठाणे. रुग्णाचं नाव त्यात नको. साक्षीला गेलात की कोर्टातून हजेरीचा दाखला घ्या, त्याशिवाय प्रवासभत्ता निघत नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात बलात्कार पीडितेच्या तपासणीचा अहवाल ७ दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे जायला हवा. बालरोगवाल्यांना पोक्सोची प्रकरणं येतात, त्यामुळे हे पाठ हवं.

हे वाचून घाबरू नका. एका जिल्ह्यातल्या बालमृत्यूंवर एका माणसाच्या कामाचा फरक पडतो असं वैद्यकातलं हे दुर्मीळ पद आहे. कॉलेजात तुमच्या हाताखाली एसआर, जेआर (वरिष्ठ, कनिष्ठ निवासी) असतात. सिव्हिलमध्ये ९०० ग्रॅमच्या बाळाला रात्री नळी घालायला तुम्ही आणि एक परिचारिका. हात तयार होतो तो इथे.

निळी_फाईल

कॉलेजची बाजू कुणी तरी मांडायला हवी.

सहायक प्राध्यापकाचा दिवस: युनिटची ओपीडी, राउंड, मग एमबीबीएसची लेक्चर्स आणि छोट्या गटांची सत्रं, विद्यार्थ्यांची लॉगबुकं (कौशल्य स्वतः बघितल्याशिवाय सही करायची नसते, आणि वर्षअखेरीला गठ्ठ्याने येतात), अंतर्गत मूल्यमापन, पीजींचे सेमिनार, जर्नल क्लब, प्रबंध, नीतिशास्त्र समिती, विद्यापीठाच्या परीक्षा. कारकुनी इथेही आहे, फक्त फाईलचा रंग वेगळा.

हजेरी: १ मे २०२५ पासून चेहऱ्यावर आधारित आधार हजेरी, जीपीएससह. कामाच्या दिवसांपैकी ७५% लागते. 'नाव कॉलेजात, माणूस दवाखान्यात' हा प्रकार कुणी सुचवला तर नाही म्हणा. त्यात नोंदणी जाते ती तुमची.

बढती: सहयोगी व्हायला सहायक म्हणून ४ वर्षं, २ शोधनिबंध आणि दोन कोर्स (वैद्यकीय शिक्षणाचा मूलभूत कोर्स आणि संशोधनाचा). पुढे प्राध्यापक व्हायला आणखी ३ वर्षं आणि एकूण ४ निबंध. निबंधात लोक इथे चुकतात: केस रिपोर्ट मोजत नाहीत. मूळ संशोधन, पद्धतशीर आढावा, मेटा-ॲनालिसिस, केस सिरीज चालतात. नियतकालिक मेडलाइन, स्कोपस, डीओएजे अशा मान्य सूचीत हवं. तुमचं नाव पहिल्या तीन लेखकांत किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाच्या जागी हवं. चौथं नाव असलं की त्या निबंधावर केलेली सगळी मेहनत बढतीसाठी शून्य. प्रबंधाचा निबंध एमडीची परीक्षा झाल्या झाल्या पाठवा. एसआरच्या कामात शिरलात की तो राहतो.

संशोधनाचा कोर्स बहुतेकांनी एमडीच्या पहिल्या वर्षीच ऑनलाइन केलेला असतो. प्रमाणपत्र शोधून ठेवा. पुन्हा करायची गरज नाही.

मायक्रोस्कोप

इतर शाखांसाठी थोडक्यात. पॅथॉलॉजी, मायक्रो, पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र): सिव्हिलमध्ये जागा कमी, कॉलेजकडेच कल ठेवा. भूल: दोन्हीकडे हात जोडून घेतील. मात्र सिव्हिलमध्ये कधी कधी संपूर्ण रुग्णालयाला एकटेच असता, रजा मंजूर होणं कठीण. एमबीबीएस करून आरोग्य विभागात असलेल्यांनी सेवांतर्गत पीजी कोट्याच्या अटी रुजू होतानाच वाचाव्यात. कुठल्या भागातली सेवा मोजली जाते यावर सगळं अवलंबून आहे.

घोडबंदरकर

ऐरोली_नाका यांच्या मुद्द्यावर. 'कायम' हा शब्द ऑर्डरमध्ये आहे का, ते बघूनच निर्णय करा. कॉलेजांत १२० दिवसांची तात्पुरती किंवा ३६४ दिवसांची करार नेमणूक असते. आरोग्य अभियानात ११ महिन्यांची. महापालिकांत थेट मुलाखतीने भरती होते तीही बहुधा अशीच. मधे एक-दोन दिवसांचा खंड देऊन पुन्हा ऑर्डर. या नोकरीचा अध्यापनाचा अनुभव मोजला जातो, पण सेवाज्येष्ठता, वेतनवाढ, निवृत्तिवेतन यांत ती धरली जात नाही. त्यामुळे तुलना 'कॉलेज की सिव्हिल' अशी करूच नका. करार एसआरशिप विरुद्ध करार सिव्हिल असेल तर एसआरशिप घ्या. करार एसआरशिप विरुद्ध २२० खाटांवरची कायम सिव्हिल असेल तर सिव्हिल. आणि ३० खाटांची कायम ऑर्डर आली तर बाँडच्या एसआरशिपचं कारण देऊन रुजू होण्याची मुदत वाढवून मागा. रुजू होण्याची तारीख उलटण्याआधी लेखी अर्ज गेला पाहिजे, फोनवर काही होत नाही.

ऐरोली_नाका

या मांडणीशी सहमत. ३० खाटांच्या बाबतीत माझाही आग्रह नाही.

तलावपाळी

आता चित्र स्पष्ट झालं. बाँडसाठी एसआरच्या जागा वर टाकते. शेवटचं एक: समजा पुढे सिव्हिलमध्ये कायम झाले आणि मग एमपीएससीने सहायक प्राध्यापकाची जाहिरात काढली, तर राजीनामा देऊन जायचं का?

हिशोबनीस_कोपरी

नुसता राजीनामा अजिबात देऊ नका. साधा राजीनामा दिला की आधीची सेवा निवृत्तिवेतनाच्या हिशोबातून जाते आणि पगार पुन्हा तळापासून. क्रम असा ठेवा.

१. एमपीएससीचा अर्ज भरतानाच कार्यालयाला लेखी कळवा. पोच घ्या. हीच 'योग्य मार्गाने' अर्ज केल्याची खूण.

२. मुलाखतीच्या वेळी ना हरकत प्रमाणपत्र लागतं. नस्ती उपसंचालकांच्या कार्यालयातून वर जाते, वेळ लागतो. मुलाखतीचं पत्र येण्याची वाट बघू नका.

३. निवड झाल्यावर अर्जात 'अमुक पदावर निवड झाल्याने तांत्रिक राजीनामा, सेवा सलग धरावी, वेतन संरक्षण मिळावे' हे शब्द लिहा. परिवीक्षा (२ वर्षं) पूर्ण होऊन तुम्ही कायम झाला असाल तर धारणाधिकारही मागा. नवीन ठिकाणी परिवीक्षेत अडचण आली तर जुन्या पदावर परतता येतं.

४. कार्यमुक्तीचा आदेश, अंतिम वेतन प्रमाणपत्र, ना-देय आणि ना-चौकशी प्रमाणपत्र हातात घेऊन निघा. सेवापुस्तकातली सेवा पडताळणीची नोंद शेवटच्या दिवसापर्यंतची हवी. ती राहिली तर नंतर दोन खात्यांत पत्रव्यवहार वर्षभर चालतो.

५. प्राण क्रमांक तोच राहतो, नवीन काढू नका. दोन क्रमांक झाले की रक्कम एकत्र करायला त्रास.

आणि सेवापुस्तकाची दुय्यम प्रत स्वतःकडे पहिल्या वर्षापासून ठेवा.

कामोठे_सेक्टर

यात एक भर. निघण्याआधी सिव्हिलकडून अनुभवाचं प्रमाणपत्र घ्या आणि त्यात चार गोष्टी आहेत का बघा: पदनाम, विषय (बालरोग), पासून–पर्यंतच्या तारखा, आणि रुग्णालयाच्या मंजूर खाटांची संख्या. खाटांचा आकडा सहसा कुणी लिहीत नाही, अर्जात मागावा लागतो.